गल्फला टॅक्स नाही, मग इथं रिटर्न कशाला?

वरणगावच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचा धाकटा भाऊ दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात ठेकेदाराकडे वेल्डर होता, महिना 18,000 वर. 12 ऑक्टोबर 2025 ला तो सौदीत जुबैलला गेला, माणसं पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराच्या हाताखाली. पगार 3,200 रियाल. एजंटाने निघताना सांगितलं, ‘गल्फला टॅक्स नसतो, इथलं रिटर्न-बिटर्न विसरा.’ भाऊ दर महिन्याला ताईंच्या खात्यात 50,000 रुपये टाकतो, आणि हे तुमचंच उत्पन्न धरलं जाईल अशी भीती कुणीतरी त्यांना घातली आहे. शिवाय या पैशातून रावेरकडे केळीचं दोन एकर रान भावाच्या नावावर घ्यायचं घरात चाललं आहे.

ताई, एजंटाचं पहिलं वाक्य खरं आहे. सौदी, कतार, कुवेत, बहरीन आणि अमिरातीत कामगाराच्या पगारावर आयकर नाही. ओमानने कायदा केला आहे, पण तो 2028 पासून आणि वर्षाला 42,000 ओमानी रियालच्या वरच्या कमाईवर. आपल्या वेल्डर-फिटरच्या वाटेला तो यायचा नाही. खोटं आहे ते दुसरं वाक्य. तिथं कर नाही म्हणून इथंही नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. भारताचा कायदा तिथल्या कराकडे बघतच नाही. तो आधी तुमचे दिवस मोजतो.

हिशोब असा. 1 एप्रिल ते 31 मार्च या वर्षात माणूस भारतात 182 दिवस किंवा जास्त राहिला, तर तो त्या पूर्ण वर्षासाठी निवासी. एक दुसरी कसोटीही आहे. वर्षात 60 दिवस इथं आणि आधीच्या चार वर्षांत मिळून 365 दिवस इथं, तरीही निवासी. पण भारतीय नागरिक परदेशी नोकरीसाठी ज्या वर्षी देश सोडतो, त्या वर्षापुरते कायदा या 60 चे 182 करतो. म्हणजे जाण्याच्या वर्षी एकच आकडा बघायचा, 182.

आता बोटावर मोजा. एप्रिल 30, मे 31, जून 30, जुलै 31, ऑगस्ट 31. झाले 153. सप्टेंबरच्या 28 तारखेला निघालेल्याचे जाण्याचा दिवस धरून 181 भरतात, तो अनिवासी. 29 ला निघाला की 182, निवासी. तुमचा भाऊ 12 ऑक्टोबरला गेला, त्याचे 195 दिवस झाले. म्हणजे 2025-26 साठी तो निवासी आहे, आणि निवासी माणसाची जगभरातली कमाई इथल्या हिशोबात येते. जुबैलचे साडेपाच महिनेसुद्धा.

घाबरू नका, पुढचं वाचा. रियाल साधारण 23 रुपयांनी धरला तर महिन्याचे 73,600, साडेपाच महिन्यांचे 4,04,800. (खरा दर आपल्या मनाने धरायचा नसतो. ज्या महिन्याचा पगार, त्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर, म्हणजे बँक परकीय चलन विकत घेते तो भाव, घ्यायचा.) त्यात इथल्या ठेकेदाराकडचे सहा महिन्यांचे 1,08,000 मिळवा. एकूण 5,12,800. पगारदाराची 75,000 ची सरसकट वजावट गेली की उरतात 4,37,800. नव्या करप्रणालीत 2025-26 साठी निवासी माणसाला 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कलम 87ए ची सूट आहे, म्हणून कर शून्य.

पण रिटर्न भरायचं. उत्पन्न 4 लाखांच्या वर आहे हे एक कारण. दुसरं त्याहून मोठं: सौदीत त्याचं पगाराचं बँक खातं आहे, आणि सर्वसाधारण निवासी माणसाचं (तुमच्या भावासारखं आधीपासून इथंच राहिलेल्याचं) परदेशात खातं असेल तर उत्पन्न कितीही असो, रिटर्न सक्तीचं आणि त्यातल्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, ते खातं दाखवणंही सक्तीचं. हे शेड्यूल कॅलेंडर वर्षाप्रमाणे भरायचं असतं, जानेवारी ते डिसेंबर. इथं भलेभले चुकतात. फॉर्म आयटीआर-2. आपल्याकडे कॉम्प्युटर सेंटरवाले दोनशे-तीनशे रुपयांत आयटीआर-1 भरून देतात. परदेशी खातं असलेल्याला आणि अनिवाशालाही तो फॉर्म चालत नाही.

हे लपवलं तर काळ्या पैशाच्या 2015 च्या कायद्याखाली 10 लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर 2024 पासून जमीन-घर सोडून बाकी परदेशी मालमत्ता मिळून 20 लाखांच्या आत असेल तर हा दंड लागत नाही. वेल्डरच्या खात्यात एवढे पैसे साठत नाहीत, ते इकडे येतात. तरी दंड नाही म्हणजे दाखवायचं नाही असं नव्हे. परदेशी बँकांतल्या खात्यांची माहिती आता आपल्या आयकर विभागाला मिळते आणि विभाग मग लोकांना मोबाईलवर संदेश पाठवतो. गेल्या दोन हिवाळ्यांत असे संदेश घेऊन माझ्याकडे बरेच जण आले. घाम फुटलेले.

तुमच्या भावाचं तिकीट दोन आठवडे आधीचं असतं तर यातलं काहीच करावं लागलं नसतं. व्हिसा आला होता, मेडिकल झालं होतं, पितृपक्षात नको म्हणून घरच्यांनी थांबवलं, अशा कहाण्या मी दर वर्षी ऐकतो. लहान पगाराला त्याने फरक पडत नाही. मोठ्याला पडतो. इथल्याच एका इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअरचं उदाहरण सांगतो, आकडे थोडे गोल करून. कतारला गेला, तारीख 10 ऑक्टोबर. साडेपाच महिन्यांत इथल्या हिशोबाने करपात्र 23 लाख झाले. 2025-26 च्या दरांनी त्यावर उपकरासह कर 2,86,000 रुपये. कतारमध्ये कर कापलाच नव्हता, त्यामुळे वजा करून घ्यायलाही काही नाही. बारा दिवस आधी निघाला असता तर त्या पगारावर इथं एक रुपया लागला नसता. मी हिशोब मांडला तेव्हा तो बराच वेळ माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत बसला होता.

तारखेचं अजून एक. मुंबईहून गल्फची विमानं बरीचशी मध्यरात्रीनंतर सुटतात. 28 ला जेवण करून घर सोडलं, 29 ला पहाटे अडीचला उड्डाण. इमिग्रेशनचा शिक्का कोणत्या तारखेचा, ते बघायचं. तिकिटावरची तारीख आणि शिक्क्याची तारीख वेगळी असू शकते, आणि आपण शिक्क्यावर चालायचं. जाण्याचा आणि येण्याचा असे दोन्ही दिवस भारतातले धरून मोजणं सुरक्षित. काही निकाल यापेक्षा सवलतीचे आहेत, पण एका दिवसावर भांडत ट्रिब्युनलपर्यंत जायची हौस कुणाला? आता ई-गेटने जाणाऱ्यांच्या पासपोर्टवर शिक्काच पडत नाही. त्यांनी बोर्डिंग पास जपून ठेवावेत, कागदाचे असोत की मोबाईलमधले.

पुढचं वर्ष, म्हणजे 1 एप्रिल 2026 पासूनचं, तुमच्या भावासाठी सोपं आहे. तो पूर्ण वर्ष तिकडे राहिला, लग्नकार्याला महिना-दीड महिना आला, तर अनिवासी. सुट्टीवर येणाऱ्यालाही 182 चीच मर्यादा आहे. फक्त इथली कमाई 15 लाखांच्या वर असलेल्यांसाठी ती 120 दिवसांवर येते. त्या तारखेपासून 1961 चा कायदा जाऊन 2025 चा नवा कायदा लागू झाला आहे. कलमांचे आकडे बदलले, ‘आकारणी वर्ष’ हा घोळ गेला, पण हे 182 आणि 60 चं गणित तसंच आहे.

अनिवासी झाल्यावर दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि मला वाटतं आपल्या भागातली खरी गफलत इथंच होते. अनिवाशाचं जे उत्पन्न भारतात निर्माण झालं किंवा भारतात मिळालं, तेवढंच इथं करपात्र. पगार निर्माण होतो जिथं काम केलं तिथं, म्हणजे जुबैलला. पण ‘मिळाला’ कुठे? माझ्याकडे शिंदखेड्याकडचे एक आजोबा मुलाचे कागद घेऊन येतात. मुलगा फोनवर असला की ते माझ्याआधीच ओरडून विचारतात, ‘भाऊ, तुन्हा पैसा कथा भेटना?’ माझा निम्मा वेळ वाचतो.

पगार आधी सौदीच्या खात्यात पडला आणि मग भावाने तो इकडे पाठवला, तर तो मिळाला सौदीत. इकडे आलेली रक्कम ही फक्त पाठवणी आहे, तिच्यावर कर नाही, मग ती 50,000 असो की 5 लाख. सौदी, अमिराती, कतार या देशांत पगार बँकेतूनच देण्याची सरकारी पद्धत आहे, तिला तिकडे डब्ल्यूपीएस म्हणतात. त्या खात्याचा उतारा म्हणजे तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा. तो दर वर्षी काढून ठेवायला सांगा. नोकरी संपली, इकामा (तिथला राहण्याचा परवाना) रद्द झाला की ते खातं उघडत नाही, आणि मग तीन वर्षांपूर्वीचा उतारा कुठून आणणार?

काही कंत्राटदार मात्र निम्मा पगार तिकडे आणि निम्मा ‘घरच्यांच्या सोयीसाठी’ थेट भारतातल्या खात्यात टाकतात. हा निम्मा भारतात मिळालेला ठरू शकतो, आणि मग माणूस अनिवासी असूनही तो करपात्र. परदेशी जहाजावर काम करणाऱ्या खलाशांचा पगार थेट एनआरई खात्यात (परदेशी कमाई ठेवायचं अनिवाशाचं इथलं खातं) आला तरी धरायचा नाही, असं प्रत्यक्ष कर मंडळाने एप्रिल 2017 मध्ये परिपत्रक काढून सांगितलं. ते खलाशांपुरतं आहे. बाकीच्यांबाबत निवाडे दोन्ही बाजूंनी आहेत. आपल्या भावाला वकिलांच्या वादातलं उदाहरण करायचं नसेल तर पूर्ण पगार तिकडच्या खात्यात घ्यावा, आणि मग पाठवावा.

हीच गोष्ट भारतीय कंपनीच्या परदेशी साइटवर जाणाऱ्यांना जास्त झोंबते. जळगाव-धुळ्याची पुष्कळ मुलं पाइपलाइन, वीजवाहिन्या, टाक्या बांधणाऱ्या भारतीय कंत्राटदार कंपन्यांमार्फत आफ्रिकेत आणि गल्फमध्ये जातात. नोकरी मुंबई ऑफिसच्या पटावर, पगार इथल्या बचत खात्यात, पीएफ इथं, फॉर्म 16 इथलाच. वर्षभर माणूस टांझानियात घाम गाळतो आणि टीडीएस इथं कापला जातो. कंपनीचं चुकतं असंही नाही, कारण पैसा भारतात दिला जातो. तिकडेही कर कापला जात असेल तर दुहेरी कराच्या कराराचा आधार घेता येतो. त्यासाठी त्या देशाचा रहिवास दाखला, टीआरसी, लागतो, आणि तो कंत्राटदाराच्या एचआरकडून मिळवायला सहा-सहा महिने लागतात. दाखला मागायची वेळ साइटवर असतानाच. परत आल्यावर कोणी फोन उचलत नाही, हा माझा अनुभव आहे. निवासी राहून तिकडे कर भरलेला असेल तर त्याची वजावट मिळते. 2025-26 साठी त्याचा फॉर्म 67 आहे. कराराचा देश नसला तरी जुन्या कायद्यातलं कलम 91 मदतीला येतं. जाण्याआधीच कंपनीला विचारा, पगार साइटच्या देशातल्या खात्यात देता येईल का. काही कंपन्या देतात, विचारणाऱ्याला.

शटडाऊनला जाणाऱ्यांचं वेगळं सांगायला हवं, कारण भुसावळ पट्ट्यात तेच जास्त. रिफायनरीचं शटडाऊन म्हणजे देखभालीसाठी कारखाना बंद, साठ-नव्वद दिवस, रात्रपाळी, भरपूर ओव्हरटाइम, आणि परत. वर्षातले नव्वद दिवस बाहेर काढले तर इथं 275 उरतात. हा माणूस निवासीच. त्याने कितीही वर्षं असं केलं तरी निवासीच. ‘मी एनआरआय आहे’ असं गावात सांगायला हरकत नाही, रिटर्नमध्ये लिहू नये.

आता परतीचा सापळा. यावर कोणी बोलत नाही, म्हणून जरा थांबतो. समजा शिरपूरचा एक फिटर ऑगस्ट 2023 मध्ये गेला आणि करार संपवून 10 जानेवारी 2026 ला कायमचा परत आला. जानेवारीचे 22, फेब्रुवारीचे 28, मार्चचे 31 मिळून 81 दिवस. त्याला वाटतं, 182 कुठे झाले? पण तो सुट्टीवर आलेला नाही, कायमचा आला आहे. त्याला सुट्टीवाल्याची सवलत नाही, मूळची 60 दिवसांची कसोटी लागू होते. 81 म्हणजे 60 च्या वर. आधीच्या चार वर्षांत 2021-22 हे एक पूर्ण वर्षच 365 दिवसांचं. झाला निवासी. मागच्या सात वर्षांतले भारतातले दिवसही 729 च्या कितीतरी वर, त्यामुळे ‘निवासी पण सर्वसाधारण नाही’ हा मधला दर्जाही त्याला मिळत नाही. म्हणजे एप्रिल 2025 पासूनचा सगळा गल्फचा पगार 2025-26 च्या हिशोबात. तोच माणूस 1 फेब्रुवारीला उतरला असता तर 59 दिवस झाले असते आणि प्रश्न मिटला असता. अर्थात त्या वर्षात मधे सुट्टीला आला असेल तर तेही दिवस यातच मोजायचे. दहा-बारा वर्षं तिकडे काढून आलेल्याला ही अडचण सहसा येत नाही. दोन-तीन वर्षांच्या करारवाल्यांना येते, आणि आपल्याकडचे करार असेच असतात.

नोकरी सोडताना मिळणारा सेवा-अखेरीचा पैसाही तिथं असतानाच, तिथल्याच खात्यात घ्यावा. ‘तुम्ही जा, आम्ही मागाहून पाठवतो’ यात कराचा घोळ तर आहेच, पैसे बुडायचीही शक्यता असते.

2020 च्या बजेटनंतर एक अफवा उठली होती आणि ती अजून अधूनमधून माझ्या मोबाईलवर येते, की गल्फमधल्या सगळ्या भारतीयांवर आता इथं कर. तसं नाही. ‘मानीव निवासी’ची (इथं न राहताही निवासी धरण्याची) तरतूद इथली कमाई 15 लाखांच्या वर असणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यांचाही तिकडचा पगार त्यात येत नाही. मंडळाने बजेटच्या दुसऱ्याच दिवशी, 2 फेब्रुवारी 2020 ला, तसा खुलासा केला होता.

‘इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर’ असा करार हातात असणाऱ्यांनी दोन ओळी वाचाव्यात. परदेशी जाऊन स्वतःच्या धंद्यावर काम करणं हेही ‘परदेशी नोकरीसाठी जाणं’ यातच धरावं, असं केरळ हायकोर्टाने 2011 मध्ये म्हटलं आहे, त्यामुळे दिवसांची सवलत मिळते. पण ते उत्पन्न पगार नव्हे, धंद्याचं. 75,000 ची वजावट विसरा. आणि जळगावात बसून लॅपटॉपवर परदेशी कंपनीचं काम करणारा तर निवासीच, त्याचं सगळं इथं करपात्र.

ताईंच्या 50,000 कडे येतो. भाऊ बहिणीला देतो ते कायद्याने नातेवाइकाकडून आलेलं, त्यावर तुम्हाला कर नाही. तुमच्या यजमानांच्या खात्यात टाकले तरी नाही, कारण पत्नीचा भाऊ नातेवाइकांत येतो. गंमत काका-पुतण्याची आहे. काकाने पुतण्याला दिलेले पैसे करमुक्त, पण पुतण्याने काकाला वर्षात 50,000 च्या वर भेट दिली तर ती काकाच्या उत्पन्नात. चुलतभाऊ, मावसभाऊ तर यादीतच नाहीत, कितीही सख्ख्यासारखे वाढलेले असोत. शेत बघतो म्हणून चुलतभावाच्या खात्यात पैसे टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. ती मोडा, आईवडिलांच्या किंवा तुमच्या खात्यात टाका. भावजयीच्या नावावर एफडी केली तर तिचं व्याज मात्र भावाच्याच उत्पन्नात मोजलं जाईल. त्यापेक्षा त्याने स्वतःचं एनआरई खातं उघडावं, त्याच्या व्याजावर कर नाही. इथलं जुनं बचत खातं बँकेला सांगून एनआरओ (अनिवाशाचं इथल्या कमाईचं खातं) करून घ्यावं. त्यातल्या व्याजावर 30 टक्के आणि वर उपकर असा टीडीएस कापला जातो, तेव्हा ठेवी तिथं ठेवू नयेत. आणि अनिवाशाला 87ए ची सूट नाही हेही लक्षात असू द्या. इथल्या भाड्या-व्याजावर त्याला 4 लाखांच्या वर लगेच कर सुरू होतो.

राहिलं रान. केळीचं उत्पन्न करमुक्त आहे, त्यात शंका नाही. पण परकीय चलनाच्या कायद्यात, फेमात, दिवस मोजत नाहीत. नोकरीला म्हणून विमानात बसला त्या दिवसापासून तो अनिवासी. आयकरात 2025-26 ला निवासी आणि फेमात अनिवासी, एकाच वेळी दोन्ही. आणि फेमाखालच्या अनिवाशाला शेतजमीन विकत घेता येत नाही. घर, गाळा, बिगरशेती प्लॉट घेता येतो, वारसाने आलेलं रान ठेवता येतं, विकत घेणं नाही. निबंधकाकडे खरेदीखत होऊनही जातं, तिथं कोणी पासपोर्ट मागत नाही. अडचण पुढे विकताना किंवा कर्ज काढताना निघते. म्हणून रान घ्यायचंच तर वडिलांनी घ्यावं. भावाने त्यांना पैसे भेट द्यावेत, बँकेतून, साध्या भेटपत्रासह. फक्त एक गोष्ट घरात आधी बोलून घ्या. ते रान वडिलांचं होईल, आणि पुढे त्यावर तुमचाही वारसाहक्क येईल. भावाला हे चालणार असेल तर विसार द्या. त्याचं तोंडी ‘हो’ पुरेसं समजू नका, निदान मेसेजवर तरी लिहून घ्या. आणि त्याच मेसेजमध्ये पासपोर्टची सगळी पानं, ऑक्टोबर ते मार्चचा पगाराचा उतारा आणि जुन्या ठेकेदाराच्या पगार-पावत्या मागवून घ्या, आयटीआर-2 भरायला त्या लागतील.